हुप्पा

हुप्पा : ज्यू विवाहविधीच्या वेळी वधूवरांच्या मस्तकांवर धरावयाचे किंवा उभारावयाचे छत. चार काठ्यांवर ताणलेले चौकोनी कापड, चारही बाजू मोकळ्या आणि त्याखाली उभे असलेले वधूवर, हे त्याचे आज सर्वत्र परिचित असलेले रूप होय. वराने वधूच्या बोटात अंगठी घालणे, केतुबा म्हणजे विवाहपत्राचे वाचन, द्राक्षासवाच्या पेल्यावर म्हणावयाचे सात आशीर्वाद आणि शेवटी पायाखाली काचेचा पेला फोडणे, हे सर्व विधी ह्या छताखाली होतात. त्यामुळे ‘हुप्पा’ हा शब्द छताबरोबरच विवाह ह्या अर्थीही रूढ झाला आहे. विवाह पूर्ण होण्यास हुप्पा आवश्यक आहे, असे ज्यू धर्मशास्त्र सांगते. मात्र तो कोणत्या कापडाचा, किती लांबीरुंदीचा, कोणत्या रंगाचा असावा, ह्याविषयी ते जवळजवळ काहीच सांगत नाही. हुप्प्याच्या कलेचा इतिहास ह्या मौनातूनच घडलेला आहे.

हिब्रू भाषेतील ‘झाकणे, आच्छादणे’ अशा अर्थाच्या धातूपासून हा शब्द बनला आहे. जुन्या करारात तो तीन ठिकाणी येतो. स्तोत्रसंहितेत उगवत्या सूर्याला हुप्प्यातून बाहेर पडणाऱ्या वराची उपमा दिली आहे; योएल संदेष्ट्याच्या ग्रंथात वधूने आपल्या हुप्प्यातून बाहेर यावे असा उल्लेख आहे; तर यशयाच्या ग्रंथात तो ईश्वरी वैभवावरील आच्छादन ह्या अर्थी योजिला आहे. पहिल्या दोन ठिकाणी हुप्पा म्हणजे छत नसून वधूवरांची खोली किंवा तंबू, हे संदर्भावरून स्पष्ट दिसते. वस्त्राने झाकण्याची कल्पना मात्र तेवढीच जुनी आहे. रूथच्या ग्रंथात ती बवाजला आपल्या वस्त्राचा पदर तिच्यावर पसरण्यास सांगते आणि त्यातून विवाहाची मागणी सूचित होते. यहेज्केलच्या ग्रंथातही वस्त्र पांघरणे हे विवाहबंधनाचे रूपक म्हणून आले आहे. खोली आणि वस्त्र ह्या दोन कल्पना पुढे अनेक शतके शेजारी शेजारी नांदल्या आणि त्यांच्या संयोगातून आजचा हुप्पा निर्माण झाला.

तालमूदच्या काळात ज्यू विवाह दोन टप्प्यांत होत असे. पहिला एरूसिन किंवा किद्दुशिन. ह्यात वर वधूला अंगठीसारखी मोल असलेली वस्तू देई आणि तेव्हापासून ती कायद्याने त्याची पत्नी होई. ते नाते घटस्फोटपत्राशिवाय तुटत नसे. तरीही ती पित्याच्याच घरी राही. कुमारिकेस तयारीसाठी बारा महिन्यांचा अवधी देण्याचा नियम मिश्नामध्ये आहे. दुसरा टप्पा निस्सुइन. ह्यात वधूला वराच्या अधिकारातील जागी, म्हणजे हुप्प्यात, आणले जाई. सहवास, पोषणाची जबाबदारी, वारसाहक्क अशा अनेक गोष्टी ह्या दुसऱ्या टप्प्यावर अवलंबून असत. साहजिकच हुप्पा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न केवळ सजावटीचा नव्हता. तो झाला की नाही ह्यावर एका स्त्रीचे घर कोणते आणि तिच्या मिळकतीवर हक्क कोणाचा, हे ठरत असे.

त्या काळच्या हुप्प्याच्या बांधणीविषयी तालमूदमध्ये दोन लक्षणीय उल्लेख सापडतात. रोमनांशी झालेल्या युद्धांनंतर शोक म्हणून विवाहातील काही थाटमाटांवर बंदी घालण्यात आली. तीत वराचे मुकुट आणि सोन्याने मढविलेली किरमिजी कापडे लावलेले हुप्पे ह्यांचा समावेश होता. साधा सांगाडा करून त्यावर हवे ते टांगण्यास मात्र मोकळीक ठेवली होती. भरजरी हुप्पे त्याही काळी होत असत, हे ह्या बंदीवरूनच कळते. दुसरा उल्लेख बेतार ह्या नगराविषयीच्या आख्यायिकेचा आहे. तेथे मुलगा जन्मला की गंधतरू (सीडार) आणि मुलगी जन्मली की दुसऱ्या जातीचे सूचिपर्णी झाड लावीत. पुढे त्यांच्या विवाहात ती झाडे तोडून त्यांच्या फांद्यांचा हुप्पा करीत. एकदा रोमन सम्राटाची कन्या तेथून जात असता तिच्या रथाचा दांडा मोडला. तिच्या सेवकांनी नवा दांडा करण्यासाठी असे एक झाड तोडले, म्हणून लोक त्यांच्यावर तुटून पडले आणि त्यातून बेतारचा नाश ओढवला, असे आख्यायिका सांगते. बार कोखबाच्या बंडाचा शेवट होऊन बेतार पडले ते इ. स. १३५ मध्ये, त्याची खरी कारणे राजकीय व धार्मिक होती. तथापि नगराच्या विनाशाचे मूळ हुप्प्यासाठी राखलेल्या झाडात पाहावे असे तालमूदकारांना वाटले, ही गोष्ट त्या झाडांचे मोल सांगून जाते.

अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास यूरोपातील ज्यू समाजात विवाहाचे दोन्ही टप्पे एकाच दिवशी, एकामागून एक उरकण्याची पद्धत रूढ झाली. दोन मेजवान्यांचा खर्च हे एक कारण होते. पण त्याहून गंभीर कारण काळाच्या अस्थिरतेत होते. छळ, हद्दपारी व दूरचा व्यापार ह्यांमुळे एरूसिननंतर वर परागंदा झाला, तर वधू धड विवाहित नाही आणि धड मोकळीही नाही, अशा अवस्थेत अडकून पडे. दोन टप्पे एकत्र आले. पण त्यामुळे एक नवीच अडचण निर्माण झाली. सिनॅगॉगच्या अंगणात, सर्वांच्या देखत होणाऱ्या विधीत ‘वराचे घर’ कोठून आणावयाचे? हुप्प्याविषयीचे मतभेद तीव्र झाले ते ह्या टप्प्यावर.

मोझेस मायमॉनिडीझ (११३५–१२०४) ह्याच्या मते वराने वधूला आपल्या घरी आणून तिच्याशी एकांत करणे हाच हुप्पा होय. इतर काही पंडितांनी वधूच्या चेहऱ्यावर घातलेला बुरखा हाच हुप्पा मानला. आणखी काहींनी आशीर्वादाच्या वेळी दोघांच्या डोक्यांवर पसरलेल्या वस्त्राला ते स्थान दिले. ऱ्हाईन नदीच्या परिसरातील ज्यूंच्या चालीरीती याकोब मोएलिन (मृत्यू १४२७) ह्याच्या शिष्यांनी नोंदवून ठेवल्या आहेत. त्यांत वराच्या टोपडीवजा शिरोवस्त्राचे लांब टोक वधूच्या डोक्यावर टाकीत, एवढाच हुप्पा दिसतो. व्होर्म्झ येथील ज्यूंच्या १२७२ मधील प्रार्थनाग्रंथाच्या हस्तलिखितात वधूवरांवर तालीत म्हणजे प्रार्थनेच्या वेळी पांघरावयाचे गोंडेदार वस्त्र धरलेले चित्रित केले आहे. काठ्या मात्र त्यात नाहीत. पंधराव्या शतकातील इटालियन ज्यू हस्तलिखितांत अंगठी घालण्याचा क्षण आवडीने रंगविलेला आढळतो, पण डोक्यावर छत बहुधा नसते.

तालीतची निवड सहज झालेली नाही. अनुवाद ह्या ग्रंथात वस्त्राच्या चार कोपऱ्यांना गोंडे लावण्याच्या आज्ञेनंतर लगेचच पत्नी करण्याविषयीचा नियम येतो. त्या सान्निध्यावरून मध्ययुगीन पंडितांनी गोंड्यांचा विवाहाशी संबंध जोडला. चार कोपऱ्यांचे प्रत्येकी आठ मिळून बत्तीस धागे होतात आणि हिब्रू अक्षरांच्या संख्यामूल्यांप्रमाणे ‘हृदय’ ह्या शब्दाचे मूल्यही बत्तीसच येते, असा मेळही घालण्यात आला. जर्मनीत वधूकडून वराला विवाहप्रसंगी तालीत भेट देण्याची चाल होती. तेच वस्त्र हुप्पा म्हणून वापरले जाई आणि नंतर आयुष्यभर वराच्या प्रार्थनेत राही.

चार काठ्यांवरील छताची स्पष्ट शास्त्रीय नोंद पोलंडमधील क्रॅको येथील मोझेस इसर्लीस (सु. १५३०–७२) ह्याने केली. योसेफ कारोच्या शुल्हान आरुख ह्या धर्मनियमसंग्रहावर त्याने लिहिलेल्या टिपांत हुप्प्याविषयीची सर्व जुनी मते एकापुढे एक दिली आहेत. नंतर तो सांगतो, की काठ्यांवर कापड पसरून त्याखाली वधूवरांना सर्वांसमक्ष आणावयाचे आणि त्या जागेला हुप्पा म्हणावयाचे, ही आता सर्वसाधारण रीत झाली आहे. त्याचा सूर वाद मिटविणाऱ्याचा नसून चालू रूढी मान्य करणाऱ्याचा आहे. म्हणजे आज जे प्राचीन मानले जाते ते रूप फार तर उत्तर मध्ययुगात पूर्व यूरोपात घडले. ख्रिस्ती मिरवणुकींतील चार दांड्यांचे छत्र किंवा चर्चमधील विवाहात जोडप्यावर धरावयाचे कापड ह्यांचा त्यावर प्रभाव पडला असावा, असे काही अभ्यासक मानतात. पुढील रब्बींनी कोणतेच मत टाकून दिले नाही. त्यामुळे अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व यूरोपीय ज्यूंच्या विवाहात प्रथम वधूला बुरखा घालतात, मग तिला छताखाली आणतात आणि शेवटी दोघांना काही वेळ बंद खोलीत एकांतात ठेवतात. एका शब्दाचे तीन अर्थ तीन विधींच्या रूपाने टिकून राहिले आहेत.

छत उघड्या आकाशाखाली उभारावे, ही रूढीही इसर्लीसने नोंदविली आहे. संतती आकाशातील ताऱ्यांइतकी होवो, असे अब्राहमला मिळालेले वचन हे तिचे कारण. बेर्नार पीकार ह्याने ॲम्स्टरडॅम येथे १७२० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या धर्मविधींच्या कोरीव चित्रांत जर्मन ज्यूंचा विवाह असाच मोकळ्यावर, चार दांड्यांच्या छताखाली दाखविला आहे. पोर्तुगीज ज्यूंचा मात्र घरात. दक्षिण जर्मनीत सिनॅगॉगच्या बाहेरील भिंतीत ताऱ्याच्या आकृतीचा दगड बसवीत आणि हुप्प्याखालील विधी संपताच वर त्यावर काचेचा पेला फेकून फोडी. एकोणिसाव्या शतकात सुधारणावादी ज्यूंनी विवाह सिनॅगॉगच्या आत नेला, तेव्हा प्रेसबुर्गचा रब्बी मोझेस सोफेर (१७६२–१८३९) ह्याने ते ख्रिस्ती रीतीचे अनुकरण ठरवून कडाडून विरोध केला. जोडप्याच्या डोक्यावर कापड असताना त्यावर पुन्हा छप्पर असावे की आकाश, हा वाद बाहेरच्यांना क्षुल्लक वाटेल. त्या काळच्या ज्यू समाजात मात्र त्यावरून पंथभेद ओळखला जाई. काही सनातनी विवाहगृहांच्या छपरात उघडझाप करता येणारा झरोका ठेवलेला असतो, तो ह्याच वादाचा अवशेष होय.

सेफार्दी म्हणजे स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंच्या परंपरेत आणि पूर्वेकडील ज्यूंत खोलीची जुनी कल्पना अधिक काळ टिकली. ऑटोमन साम्राज्यातील लादिनोभाषक ज्यू हुप्प्याला तालामो म्हणत. भरतकाम केलेल्या चादरी व पडदे लावून घराच्या एका कोपऱ्यात तो सजवीत. येमेनमधील ज्यूंत चार काठ्यांचे छत परंपरेने नव्हते. भारतात कोचीनच्या ज्यूंमध्ये वधूवरांसाठी घरात सजविलेल्या छत्रयुक्त बैठकीस मनारा म्हणत. कोकणातील बेने इस्राएलांचे विवाह पूर्वी घरीच होत आणि त्यासाठी दारात मांडव पडे. सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्याने १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनॅगॉग बांधल्यानंतर विवाहविधी हळूहळू सिनॅगॉगमध्ये होऊ लागला. मेंदी आणि मांडवाची हौस मात्र घराशी राहिली. मराठी भाषकाला हुप्प्यावरून मांडवाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तरीही मांडव हा वऱ्हाडासाठी असतो, तर हुप्पा फक्त दोघांसाठी. अंतरपाटाशी त्याचे नाते अधिक मनोरंजक आहे. अंतरपाट दोघांमध्ये धरतात आणि तो दूर होताच विवाह लागतो. हुप्प्याचे कापड दोघांवर धरतात आणि ते तेथे असते म्हणूनच विवाह लागतो.

यूरोपातील हुप्पा प्रायः सिनॅगॉगच्या मालकीचा असे. गावात एकच छत, श्रीमंताच्या आणि गरिबाच्या मुलीसाठी तेच. निर्धन वधूचा विवाह लावून देणे हे ज्यू समाजात मोठे पुण्यकर्म मानले जाते आणि त्यासाठी प्रत्येक वस्तीत निधी व मंडळे असत. नोबेल पारितोषिकविजेता हिब्रू लेखक श. यो. आग्नोन (१८८८–१९७०) ह्याची हाखनासत काल्ला (१९३१) ही कादंबरी तीन मुलींच्या हुंड्यासाठी गॅलिशियाभर हिंडणाऱ्या एका गरीब भाविकावर आधारलेली आहे. अशा समाजात सामाईक छताला समतेचे एक चिन्ह म्हणून किंमत होती. कापड सहसा गडद लाल, निळी वा हिरवी मखमल किंवा रेशीम; कडेला कलाबतूची झालर. मध्यभागी किंवा झालरीवर हिब्रू अक्षरे भरलेली असत. यिर्मयाच्या ग्रंथातील आनंदाचा, वराचा व वधूचा स्वर पुन्हा ऐकू येईल अशा आशयाचे वचन त्यासाठी विशेष लोकप्रिय होते. त्यात विवाहाचा स्पष्ट उल्लेख आहे, हे तर खरेच. पण जो भाग भरला जाई त्यात ईश्वराचे नाव येत नाही, ही सोयही महत्त्वाची होती. ईश्वराचे नाव लिहिलेली वस्तू जीर्ण झाल्यावर टाकून देता येत नाही, ती विधिपूर्वक पुरावी लागते. वापराने झिजणाऱ्या कापडावर ते न लिहिणेच इष्ट.

हे जरतारी काम करणारे व्यावसायिक कशिदाकार मुख्यतः सिनॅगॉगमधील तोरा ठेवण्याच्या कपाटावरील पडद्यांसाठी प्रसिद्ध होते. अठराव्या शतकातील फ्युर्टचा एल्काना नाउंबुर्ग आणि होखश्टेटचा याकोब कोपेल गान्स ह्यांची नावे त्यांच्या पडद्यांमुळे ज्ञात आहेत. हुप्पे करणाऱ्यांची नावे अशी टिकली नाहीत. हुप्पेही फारसे टिकले नाहीत. पडदा भिंतीशी स्थिर टांगलेला असतो. हुप्पा दर विवाहाला बाहेर निघे, ऊन, वारा व पाऊस सोशी, माणसांच्या हातांत ताणला जाई आणि फाटला की त्याचे कापड दुसऱ्या कामी लागे. एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या हुप्प्यांचे स्वरूप ठरविताना म्हणूनच चित्रांवर विसंबावे लागते. मोरित्स ओपेनहाइम (१८००–८२) ह्याच्या विवाहचित्रात दांड्यांचे छत आणि त्याखाली दोघांच्या डोक्यांवर तालीत अशी दुहेरी आच्छादने आहेत. योझेफ इस्राएल्स (१८२४–१९११) ह्याच्या १९०३ मधील डच चित्रात एकच तालीत आहे आणि प्रेक्षकाचे लक्ष अंगठीवर खिळते.

ह्या व्यावसायिक चित्रांपेक्षा अधिक बोलका पुरावा घरगुती कापडांवर मिळतो. जर्मनी, अल्सेस व स्वित्झर्लंडमधील ज्यूंत मुलाच्या सुंतेच्या वेळी त्याच्याखाली पसरलेले लिननचे कापड फाडून त्याच्या पट्ट्या एकमेकींना जोडीत. सुमारे तीन मीटर लांबीच्या ह्या पट्टीला विंपेल म्हणत. त्यावर मुलाचे नाव, जन्मतिथी आणि तो तोरा, हुप्पा व सत्कर्मे ह्यांप्रत पोहोचो अशा अर्थाचा आशीर्वाद रंगीत रेशमाने भरीत किंवा पुढे रंगवीत. मूल थोडे मोठे झाले की ती पट्टी सिनॅगॉगला देत आणि तिने तोराची गुंडाळी बांधीत. सर्वांत जुने उपलब्ध विंपेल सोळाव्या शतकातील आहेत. भरणाऱ्या बहुधा घरातील स्त्रिया असत. हुप्पा हा शब्द येताच त्या अक्षरांशेजारी एक छोटे छत, चार काठ्या, वधूवर आणि कधीकधी वाजंत्रीही चितारलेली आढळतात. छताचा पट्टेरी रंग, झालरीचे कंगोरे, काठीच्या टोकाचा गोंडा असे बारकावे त्यांत येतात. आठ दिवसांच्या बालकाच्या लंगोटवजा कापडावर त्याच्या लग्नाचे छत आधीच शिवून ठेवणाऱ्या ह्या स्त्रियांनी हुप्प्याच्या इतिहासाची जी साधने मागे ठेवली, ती पंडितांच्या ग्रंथांतून मिळत नाहीत.

छताची रचना करणाऱ्यापुढे काही व्यावहारिक प्रश्न असतात. वधूवर, रब्बी आणि द्राक्षासवाचा पेला ठेवावयाचे छोटे मेज एवढे त्याखाली मावले पाहिजे. त्यामुळे कापडाची बाजू दीड ते दोन मीटरांच्या आसपास ठेवतात आणि उंची सर्वांत उंच माणसाच्या टोपीहून पुष्कळ अधिक राखतात. चार आप्तेष्टांनी काठ्या हातांत धरावयाच्या, की बैठकीत रोवलेल्या खांबांवर छत उभारावयाचे, ह्यावर कापडाची निवड अवलंबून असते. जरीचे भरीव काम असलेली मखमल डौलदार दिसते. पण ती जड असते. हातांत धरलेल्या काठ्या अर्ध्या तासात आत झुकू लागतात आणि मध्यभागी पोट सुटून कापड वराच्या डोक्याला टेकते. हलके रेशीम किंवा मलमल त्याच्या उलट वाऱ्यावर फडफडते. ह्यासाठी मध्यभाग हलका ठेवून वजन झालरीत व कोपऱ्यांत घालणे, कोपऱ्यांना अस्तर लावून काठी घालण्यास घरे किंवा बंद शिवणे, हा अनुभवी कारागिरांचा मार्ग होय. हुप्पा दोन बाजूंनी पाहिला जातो, ही त्याची सर्वांत मोठी विशेषता आहे. झालर बाहेरच्या पाहुण्यांना दिसते, तर आतला पृष्ठभाग केवळ वर मान करणाऱ्या वधूवरांना. त्यामुळे काही कारागीर वचन झालरीवर भरतात आणि खालच्या अंगाला तारे, सूर्यचंद्र किंवा वेलबुट्टी काढतात. लोकर व लिनन ह्यांचे मिश्रण अंगावरील वस्त्रात निषिद्ध असल्याने छतातही ते टाळण्याकडे कल असतो. बाजू मोकळ्या सोडण्याच्या प्रथेचा अर्थ अब्राहमच्या चारही दिशांनी उघड्या, अतिथींचे स्वागत करणाऱ्या तंबूशी जोडला जातो.

हुप्प्याच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण साथीच्या रोगांचे आहे. एकोणिसाव्या शतकात पूर्व यूरोपात पटकीची साथ आली, की गावातील दोन निर्धन, अनाथ किंवा अपंग व्यक्तींचा विवाह वर्गणी काढून स्मशानभूमीत लावीत. ह्या पुण्याने साथ हटेल अशी श्रद्धा होती. थडग्यांमध्ये हुप्पा उभारला जाई. अमेरिकेत फिलाडेल्फियाला व कॅनडात विनिपेगला १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीतही असे विवाह झाले. मेंडेले मोखेर स्फोरिम ह्या यिडिश लेखकाने लंगडा फिश्के (१८६९) ह्या आपल्या कथेत ह्या प्रथेचा बोचरा उपहास केला आहे, आणि तो अस्थानी नाही. एरवी ज्यांच्या विवाहाची कोणी फिकीर केली नसती त्यांना छत मिळाले, हे खरे. पण ते त्यांच्यासाठी उभारलेले नव्हते.

नाझींच्या राजवटीत मध्य व पूर्व यूरोपातील सिनॅगॉगांबरोबर त्यांतील वस्त्रेही नष्ट झाली. बोहीमिया व मोरेव्हियातील उद्‌ध्वस्त वस्त्यांमधून प्राग येथे आणून ठेवलेला वस्त्रसंग्रह हा त्यातील मोठा अपवाद. १९४५ नंतर जर्मनीतील निर्वासित छावण्यांत विवाहांची लाटच आली. ज्यांचे आईबाप, भावंडे उरली नव्हती अशी तरुण माणसे मिळेल त्या काठ्यांवर मिळेल ते तालीत ताणून विवाहबद्ध झाली. पॅलेस्टाइनमधील काही किबुत्झांत, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतींत, काठ्यांऐवजी रायफली आणि शेतातील दाताळी वापरीत. धर्माविषयी उदासीन असलेल्या ह्या तरुणांनी छत टाकले नाही, पण ते कशावर तोलून धरावयाचे हे स्वतः ठरविले.

हाताने बनविलेल्या, एकाच जोडप्यासाठी कल्पिलेल्या हुप्प्याचा आधुनिक प्रवाह मुख्यतः अमेरिकेतला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील विवाह मोठ्या दिवाणखान्यांत होऊ लागले आणि भाड्याने मिळणारी, फुलांनी झाकलेली छते रूढ झाली. त्यांत कापड जवळजवळ दिसेनासे झाले. ह्याविरुद्धची प्रतिक्रिया १९६० नंतरच्या तरुण पिढीत उमटली. हस्तव्यवसायांचे पुनरुज्जीवन, स्त्रीमुक्तीची चळवळ आणि आपल्या परंपरेचा नव्याने शोध घेणारी छोटी प्रार्थनामंडळे ह्या तिन्हींचा तिच्यात वाटा होता. द ज्यूइश कॅटलॉग (१९७३) ह्या पुस्तकाने धार्मिक वस्तू विकत न घेता स्वतः कराव्यात हा विचार घरोघरी नेला. ज्यू परंपरेतील सुईकामास वाहिलेले पॉमग्रॅनिट गिल्ड हे मंडळ १९७७ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झाले. आयटा एबर ह्या कशिदाकार विदुषीचे ज्यू सुईकामावरील पुस्तक १९७९ मध्ये, तर ॲनिटा डायमंट ह्यांचे द न्यू ज्यूइश वेडिंग हे विवाहविषयक पुस्तक १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. हुप्पा स्वतः घडविण्याची चाल अशा लेखनातून पसरली.

ह्या नव्या हुप्प्यांत तंत्रांची विविधता पुष्कळ आहे : रेशमावरील रंगकाम, बाटिक, हातमागावरील विणकाम, कापडावर कापड बसवून केलेले काम. आकृतींमध्ये गहू, सातू, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह व खजूर ही इस्राएलच्या भूमीची सात पिके, जेरूसलेमचे नगरदृश्य आणि गीतरत्नातील प्रेमविषयक वचने वारंवार येतात. सर्वांत अर्थपूर्ण प्रकार गोधडीचा म्हणावा लागेल. विवाहापूर्वी काही महिने आप्तेष्टांना ठराविक मापाचे कापडाचे चौकोन पाठवितात. प्रत्येकाने त्यावर काही भरून, रंगवून किंवा लिहून परत करावयाचे असते. कोणी आजीच्या टेबलावरील कापडाचा तुकडा जोडतो, कोणी मृत पित्याच्या तालीतचा. हे सगळे एकत्र शिवून छत होते. कारागिरीच्या दृष्टीने असे हुप्पे पुष्कळदा ओबडधोबड असतात, रंगसंगती जुळत नाही आणि शिवणींमुळे कापड वेडेवाकडे ताणले जाते. पण जुन्या सामाईक छताची जी शक्ती होती, म्हणजे एका जोडप्यावर संपूर्ण समाजाने धरलेले आच्छादन, ती एखाद्या नामवंत कलाकाराकडून करवून घेतलेल्या महागड्या छतापेक्षा ह्या गोधडीत अधिक जाणवते. सामाईक छतामुळे गरीब-श्रीमंत हा भेद निदान विधीपुरता तरी पुसला जाई, ही गोष्ट स्वतंत्र हुप्प्यांमुळे मागे पडली, हेही नाकारता येत नाही. त्यावरचा एक उपाय म्हणून काही सिनॅगॉगांतील सदस्यांनी एकत्र बसून नवे सामाईक हुप्पे शिवले आहेत. त्यांखाली विवाह झालेल्या जोडप्यांची नावे काही ठिकाणी अस्तरावर भरली जातात.

विवाहानंतर खाजगी हुप्प्याचे काय करावयाचे, ह्याविषयी कोणताही नियम नाही. कोणी तो पलंगामागील भिंतीवर लावतात, कोणी पलंगपोस म्हणून वापरतात. मुलाच्या नामकरणाला किंवा भावंडांच्या लग्नाला तोच पुन्हा काढला जातो. तालीतचा हुप्पा केला असेल, तर तो पुन्हा खांद्यावर जातो आणि मालकाच्या मृत्यूनंतर, एका कोपऱ्याचा गोंडा तोडून, त्याच्याबरोबर पुरला जातो.